सिम्युलेटरवरचा ड्रोन आपोआप सरकतोय? आधी रिमोटचा ‘पासंग’ काढा

फवारणीचा ड्रोन उडवायचा तर डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेत प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलट प्रमाणपत्र काढावं लागतं. त्यासाठी वय 18 ते 65 आणि किमान दहावी पास ही अट आहे. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटातल्या महिलांसाठी 15 दिवसांचं प्रशिक्षण ठरवलं आहे. त्यात 5 दिवस ड्रोन पायलटचे आणि 10 दिवस शेतातल्या फवारणीचे. खरा ड्रोन हातात देण्याआधी सिम्युलेटरवर म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर उडवायला लावतात. पण पाच दिवसांत हात बसणं अवघडच. म्हणून बरेच जण युएसबीने जोडायचा रिमोट घेऊन घरच्या लॅपटॉपवर सराव करतात.

आणि तिथंच घोळ होतो. स्टिकला हात न लावता ड्रोन डावीकडे सरकत राहतो. थ्रॉटल पूर्ण खाली ओढला तरी मोटार थांबत नाही. स्टिक कडेपर्यंत दाबली तरी ड्रोन निम्म्याच वेगाने जातो. मग कोणी दहा वेळा कॅलिब्रेशनचं बटण दाबतं, तर कोणी स्टिक कायम जराशी उजवीकडे धरून काम भागवतं. हा दुसरा उपाय जास्त वाईट. बोटांना ती सवय लागली की परीक्षेच्या दिवशी चांगल्या रिमोटवर ड्रोन उजवीकडे पळणार. दहा लिटरची टाकी भरलेला खरा ड्रोन असा विजेच्या तारांकडे गेला तर नुकसान लाखांत जातं.

कॅलिब्रेशन म्हणजे दुसरं काही नाही, तराजूचा पासंग काढणं. स्टिकच्या खाली एक छोटा सेन्सर असतो. तो स्टिक कुठे आहे ते आकड्यात सांगतो. 10 बिटच्या रिमोटमध्ये हा आकडा 0 ते 1023 असतो, म्हणजे मध्य साधारण 512. प्रत्यक्षात मध्य 530 ला येतो, कडा 40 आणि 990 ला येतात. ‘माझी एक कड इथं, मध्य इथं, दुसरी कड इथं’ हे कॉम्प्युटरला शिकवलं की झालं.

गोम अशी, की हा पासंग एकाच ठिकाणी नसतो. रिमोटमध्ये वेगळा, विंडोजमध्ये वेगळा आणि सिम्युलेटरमध्ये आणखी वेगळा. रिमोटवर ट्रिम सरकवून चूक झाकली, मग विंडोजमध्ये कॅलिब्रेट केलं, मग सिम्युलेटरमध्येही केलं, तर एकाच तराजूचा पासंग तिघांनी काढल्यासारखं होतं. माप बरोबर येणार कसं? म्हणून तपासणी खालून वर करायची. आधी रिमोट, मग विंडोज, शेवटी सिम्युलेटर.

सगळ्यात आधी केबल बघा. मोबाईल चार्जरच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही. रिमोटचा दिवा लागतो पण लॅपटॉपला काही दिसत नाही, तेव्हा केबल बदला. युएसबी हब काढून केबल थेट लॅपटॉपला लावा. काही रिमोट जोडल्यावर स्वतःच्या पडद्यावर विचारतात, जॉयस्टिक की स्टोरेज? तिथं जॉयस्टिक निवडायचं. जोडताना स्टिकवर बोट ठेवू नका. काही कंट्रोलर जोडल्या क्षणी स्टिक जिथे असेल तोच मध्य धरून बसतात.

मग रिमोटची सेटिंग. सगळे ट्रिम आणि सबट्रिम शून्यावर आणा. चॅनेलच्या दोन्ही कडा 100 टक्क्यांवर ठेवा. एक्स्पो आणि ड्युअल रेट बंद करा. मॉडेलचा प्रकार विमान असावा. तिथं हेलिकॉप्टर निवडलेलं असेल तर एक स्टिक हलवली की दोन-तीन चॅनेल एकदम हलतात आणि माणूस उगाच कॅलिब्रेशनला दोष देत बसतो.

आता विंडोज. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत जे-ओ-वाय, मग टिंब, मग सी-पी-एल टाईप करून एंटर करा. गेम कंट्रोलरची यादी उघडते. आपला रिमोट निवडून प्रॉपर्टीजमध्ये गेलात की टेस्टच्या पानावर एका चौकोनात अधिकचं चिन्ह दिसतं. स्टिक सोडली की ते चौकोनाच्या मधोमध यायला हवं. शेजारच्या सेटिंग्जच्या पानावर ‘रिसेट टू डिफॉल्ट’ दाबून जुनं कॅलिब्रेशन पुसा आणि मगच ‘कॅलिब्रेट’ करा. स्टिक चारही कोपऱ्यांपर्यंत सावकाश फिरवा. घाईत कोपरा सुटला की ती कड कॉम्प्युटरला कळतच नाही, आणि मग स्टिक कडेपर्यंत जायच्या आधीच ड्रोन पूर्ण वेग घेतो.

याच कॅलिब्रेशनच्या पानावर ‘डिस्प्ले रॉ डेटा’ असा पर्याय आहे. त्यावर टिक केली की सेन्सरचा कच्चा आकडा दिसतो. खरं निदान इथं होतं. स्टिक सोडून आकडा बघा. मध्यापासून लांब आहे पण एका जागी स्थिर आहे, तर कॅलिब्रेशनने नीट होईल. दोन-चार अंकांची थरथर चालते. पण हात न लावता आकडा पन्नास-साठने नाचत असेल तर सेन्सरवर धूळ आहे, तो झिजलाय किंवा आतली तार ढिली आहे. स्टिक दरवेळी सोडल्यावर वेगळाच आकडा येत असेल तर स्प्रिंग किंवा सेन्सर गेला. या दोन्हींत कितीही कॅलिब्रेट करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गावाकडे धुळीचा त्रास जास्तच. घासून चालणारा साधा सेन्सर असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारून, स्टिक वीस-पंचवीस वेळा फिरवून वाळू द्यावा. आधी रिमोट बंद करून बॅटरी काढायची. नटबोल्टचा गंज सोडवायचा स्प्रे किंवा तेल मारू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर घासत नाहीत, त्यामुळे टिकतात. घ्यायचाच असेल तर तसा रिमोट घ्यावा.

विंडोजमध्ये चिन्ह मधोमध आहे पण सिम्युलेटरमध्ये ड्रोन सरकतोय, तर दोष सिम्युलेटरच्या सेटिंगचा. तिथलं जुनं प्रोफाईल काढून त्याचं कॅलिब्रेशन एकदाच नव्याने करा. लॅपटॉपला दुसरा गेमपॅड जोडलेला असेल तर काढून ठेवा. थ्रॉटलचंही बघा. फवारणीच्या अनेक ड्रोनच्या रिमोटवर थ्रॉटल सोडला की मध्यावर येतो आणि ड्रोन त्याच उंचीवर थांबतो. सरावाच्या रिमोटवर तो सोडला तिथेच राहत असेल तर सवय वेगळी लागते. संस्थेत कोणता रिमोट आहे हे विचारून तसाच घ्यावा.

डेडझोन नावाची एक सेटिंग असते. ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला थोडा प्ले असतो, तसंच हे. मध्याजवळची बारीक हालचाल ती धरत नाही. दोन-तीन टक्के ठीक. झिजलेली स्टिक झाकायला पंधरा टक्के ठेवली तर हलक्या हाताने ड्रोन सांभाळायचा सरावच होत नाही.

खऱ्या ड्रोनचाच रिमोट सरावाला वापरणाऱ्यांनी मात्र जपावं. सिम्युलेटरसाठी त्यात वेगळं मॉडेल बनवा, फवारणीच्या मॉडेलला हात लावू नका. ओपनटीएक्स किंवा एजटीएक्सवर चालणाऱ्या रिमोटमध्ये स्टिकचं हार्डवेअर कॅलिब्रेशन सगळ्या मॉडेलना एकच असतं. ते घरी बदललं तर खऱ्या ड्रोनचं रेडिओ कॅलिब्रेशनही पंखे काढून पुन्हा तपासून घ्यावं लागतं. ड्रोनच्या कंपासचं कॅलिब्रेशन ही वेगळी गोष्ट आहे, लॅपटॉपवरच्या कॅलिब्रेशनचा त्याच्याशी संबंध नाही. सगळं नीट जुळलं की रिमोटच्या सेटिंगचे आणि विंडोजच्या आकड्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी ड्रोन सरकला की काय बदललं ते लगेच सापडतं.