लग्नसराईसाठी कॅमेरा घेताय? आधी लेन्स बघा, मग बॉडी

दिवाळीनंतर तुळशीची लग्नं लागली की गावोगावची पोरं डीएसएलआरची चौकशी सुरू करतात. कुणी सोयाबीनचे पैसे घालतं, कुणी हप्त्यावर घेतं. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला : 'किती मेगापिक्सल?' इथंच गडबड होते. २४ मेगापिक्सल अल्बमच्या फोटोला भरपूर झाले. फरक पडतो तो सेन्सर आणि लेन्समुळे.

सेन्सर म्हणजे काय?
उजेड टिपणारी पट्टी म्हणजे सेन्सर. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर असतो. कॅनन १५००डी, निकॉन डी५६०० अशा कमी किमतीच्या बॉडीत तो साधारण अडीच पटीने लहान असतो. शिकायला आणि सुरुवातीच्या कामाला तेवढा चालतो.

खरी मेख लेन्समध्ये
बॉडीसोबत १८-५५ ची लेन्स मिळते. दिवसा ठीक आहे. पण रात्रीच्या हळदीला, मांडवातल्या पिवळ्या उजेडात ती कमी पडते. फोटो हलतात, दाणे दिसतात. ५५ वर झूम केल्यावर ही लेन्स एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटर एफ १.८ ची साधी लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. तिला झूम नाही, पुढं-मागं आपणच सरकायचं. बजेट बेताचं असेल तर बॉडी जुनी घ्या, पण ही लेन्स घ्याच.

निकॉन घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी एएफ-डी लेन्स लावली तर फोकस हातानेच करावा लागतो. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली लेन्स बघावी.

जुना कॅमेरा घेताना
- शटर किती वेळा पडलं ते विचारा. साध्या बॉडीचं शटर सुमारे १ लाख क्लिकचं धरतात. एका लग्नात २ हजार क्लिक झाले, तर ५० लग्नांत तेवढे भरतात.
- एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे.
- लेन्समधून टॉर्च मारा. जाळीसारखं दिसलं तर बुरशी. अशी लेन्स घेऊ नका.
- मूळ बिल आणि त्यावरचा नंबर जुळवा. चोरीचा माल गळ्यात पडायला नको.

एक कार्ड की दोन?
स्वस्त बॉडीत मेमरी कार्डाची जागा एकच असते. कार्ड बिघडलं तर आख्खं लग्न गेलं. अक्षता काही दुसऱ्यांदा पडत नाहीत. निकॉन डी७२०० सारख्या बॉडीत दोन कार्डं बसतात, फोटो दोन्हीवर उतरतो. सुपारी घेऊन काम करायचं असेल तर हे आधी बघा.

आता कंपन्यांचा भर मिररलेसवर आहे, त्यामुळे जुने डीएसएलआर बाजारात बरेच दिसतात. घासाघीस करायला वाव आहे. मात्र हप्ता ठरवण्याआधी एखाद्या फोटोग्राफरसोबत दोन लग्नं मदतनीस म्हणून करा. काम जमतंय का ते कळेल, आणि कोणता कॅमेरा लागतो तेही.