पुणे ते सातारा : एका दिवसाच्या सहलीची आखणी

सहलींचा हंगाम जवळ आला की मंजुरीसाठी जे कागद येतात, त्यांतील पुष्कळांत एका दिवसात सहा-सात स्थळे कोंबलेली आढळतात. अशा सहलीत मुलांच्या वाट्यास मुख्यतः गाडीची खिडकीच येते. म्हणून पुण्याच्या आसपासच्या शाळांकरिता पुणे-सातारा या जवळच्या वाटेचे उदाहरण घेऊ.

हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. मुलांनी भरलेल्या गाडीस मात्र वाटेतील थांबे सोडूनही तीन तास धरावेत. सायंकाळी साडेसहास मुले परत यावयाची तर साडेतीनला सातारा सोडले पाहिजे. आखणी अशी परतीच्या वेळेपासून मागे करीत जावी. सकाळी सातला निघाल्यास दोनच स्थळे नीट पाहून होतात, आणि ती पुरेशी आहेत.

पहिले नायगाव. शिरवळजवळ महामार्ग सोडून थोडे आत गेले की हे गाव लागते. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले येथे जन्मल्या. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तिच्या शिक्षिका त्या याच गावच्या. त्या वाड्याची जुनी इमारत २०२३ साली पाडण्यात आली; तेव्हा नायगावचे घर मुलांस दाखविणे अधिकच अगत्याचे. दुसरे स्थळ साताऱ्यातील रयत शिक्षण संस्था. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ती १९१९ साली काले येथे स्थापिली व १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांस एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. भेटीची परवानगी आगाऊ पत्र लिहून घ्यावी.

वाटेतही पाहण्याजोगे आहे. शिरवळच्या अलीकडे नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. नीरेचे पाणी भीमेस मिळते. पुढे खंबाटकीचा डोंगर उतरल्यावर भुईंजजवळ कृष्णा भेटते. मध्ये एक डोंगर आला म्हणून दोन्ही पाणी वेगळ्या वाटांनी गेले आणि थेट कर्नाटकात एकत्र आले, हे नकाशा मांडीवर असलेल्या मुलास सांगावे लागत नाही.

आता माझीच एक चूक. एका सहलीत चहाच्या थांब्यावरून निघताना मी विचारले, “सगळे आले का?” सर्वांनी एका सुरात “आले” म्हटले. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर पाचवीतला एक मुलगा नसल्याचे ध्यानात आले. परत गेलो तो बाकावर बसला होता. हॉटेलवाल्याने त्याला दुधाचा पेला दिला होता आणि तो त्याने तसाच हातात धरून ठेवला होता. तेव्हापासून मी मुलांच्या जोड्या पाडतो, दर थांब्यावर चढताना एकेकाच्या डोक्यास हात लावून स्वतः मोजतो व मगच चालकास निघण्यास सांगतो. यादीची एक प्रत मुख्याध्यापकांजवळ ठेवावी. महामार्गाच्या कडेला गाडी थांबवून मुलांस उतरवू नये. लघुशंकेचे थांबेही आधीच ठरवावेत.

स्थळे कमी केली की किलोमीटर घटतात व वर्गणीही उतरते. शालेय सहलीस राज्य परिवहनाच्या गाडीची सवलत मिळते, तिचा अर्ज वेळेवर करावा. वर्गणीचा आकडा लिहिण्यापूर्वी वर्गातील कोणती मुले ती देऊ शकणार नाहीत हे शिक्षकाने मनाशी आठवावे, आणि आकडा मग लिहावा.