विश्लेषण : मायक्रोसॉफ्टने घेतलेले नोकियाचे फोन गेले कुठे?

वीज गेली की टॉर्चचे काम करणारा, धुळीला दाद न देणारा नोकिया ११०० अनेक घरांत अजूनही एखाद्या खणात सापडेल. २००३ मध्ये आलेला हा फोन जगभरात २५ कोटींहून अधिक विकला गेला. तो बनवणाऱ्या कंपनीने दहाच वर्षांत आपला फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकायला काढला आणि पुढे मायक्रोसॉफ्टनेही त्यातून अंग काढून घेतले. जगातील सर्वात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला हे का जमले नाही? आणि याची किंमत कोणी मोजली?

व्यवहार नेमका काय होता?

३ सप्टेंबर २०१३ रोजी तो जाहीर झाला. किंमत ५.४४ अब्ज युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ७.२ अब्ज डॉलर. त्यातील ३.७९ अब्ज युरो फोन व्यवसायाचे आणि १.६५ अब्ज पेटंट वापरण्याच्या परवान्याचे. सुमारे ३२ हजार कर्मचारी मायक्रोसॉफ्टकडे जाणार होते. २५ एप्रिल २०१४ रोजी व्यवहार पूर्ण झाला. इथे नेहमी एक गल्लत होते. मायक्रोसॉफ्टने नोकिया ही कंपनी घेतलीच नव्हती. नेटवर्कची यंत्रे, नकाशे, पेटंटची मालकी आणि ‘नोकिया’ हे नाव फिनलंडमधल्या मूळ कंपनीकडेच राहिले. साध्या फोनवर ते नाव वापरण्याचा परवाना तेवढा मायक्रोसॉफ्टला मिळाला.

नोकियावर ही वेळ का आली?

२००७ मध्ये जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा फोनपैकी साधारण चार नोकियाचे होते. त्याच वर्षी आयफोन आला, पुढच्या वर्षी अँड्रॉइड. नोकियाची सिम्बियन प्रणाली बटणांच्या फोनसाठी घडलेली होती. बोटाने सरकवायच्या पडद्यावर ती अवघडून जाई आणि तिच्यासाठी अ‍ॅप बनवणे म्हणजे डोकेदुखी.

सप्टेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टमधून आलेले स्टीफन एलॉप नोकियाचे प्रमुख झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात नोकियाची तुलना समुद्रातील पेटलेल्या तेलफलाटाशी केली. पत्र फुटले. त्याच महिन्यात, ११ तारखेला, नोकियाचे स्मार्टफोन यापुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर चालतील, अशी घोषणा झाली. मात्र पहिले ल्युमिया फोन जाहीर व्हायला ऑक्टोबर उजाडला. नवा माल येतोय, आताचा बाद होणार, असे दुकानदारानेच सांगितल्यावर आजचा माल कोण घेईल? सिम्बियनची विक्री कोसळली. पुढे २०१२ मध्ये आणखी एक घाव बसला. नवी विंडोज फोन ८ प्रणाली आधीच्या ल्युमियांवर चालणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगून टाकले. ज्यांनी विश्वासाने पहिले ल्युमिया घेतले होते, तेच तोंडघशी पडले.

एलॉप यांना मायक्रोसॉफ्टनेच पेरले होते, हा संशय फिनलंडमध्ये आजही ऐकू येतो. त्याला पुरावा नाही. पण व्यवहारानंतर त्यांना सुमारे १.८८ कोटी युरो मिळणार आणि त्यातील ७० टक्के मायक्रोसॉफ्ट देणार, हे कळल्यावर तिथे उसळलेला संताप समजण्यासारखा होता.

मायक्रोसॉफ्टला फोन कशाला हवे होते?

विकल्या जाणाऱ्या विंडोज फोनपैकी ८० टक्क्यांहून अधिक एकट्या नोकियाचे होते. ती अँड्रॉइडकडे वळली असती, तर विंडोज फोन तिथेच संपला असता. ही भीती निराधार नव्हती. व्यवहार पूर्ण होण्याआधीच, फेब्रुवारी २०१४ मध्ये, नोकियाने अँड्रॉइडवर आधारलेला नोकिया एक्स बाजारात आणला. शिवाय मायक्रोसॉफ्टच्याच हिशेबानुसार नोकियाच्या एका फोनमागे त्यांच्या हाती दहा डॉलरही लागत नव्हते. स्वतः फोन बनवले तर ४० डॉलरहून अधिक मिळतील, असे गणित मांडले गेले. एकूण ही खरेदी महत्त्वाकांक्षेपेक्षा धास्तीतून झालेली दिसते.

तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी घोषणेच्या काही दिवस आधीच निवृत्ती जाहीर केली होती. त्यांच्यानंतर आलेल्या सत्या नाडेला यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिले की, वरिष्ठांचे मत विचारले गेले तेव्हा ते या खरेदीच्या विरोधात होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते प्रमुख झाले आणि नको असलेला व्यवहार त्यांच्याच पदरात पडला.

मग फसले कुठे?

अ‍ॅपमध्ये. ल्युमियाचे कॅमेरे उत्तम होते आणि भारतात ल्युमिया ५२० सारखे स्वस्त फोन बऱ्यापैकी खपलेही. पण आयफोनवर २०१० पासून असलेले इन्स्टाग्राम विंडोज फोनवर यायला नोव्हेंबर २०१३ उजाडला. यूट्यूबचे अ‍ॅप गुगलने दिले नाही आणि मायक्रोसॉफ्टने बनवलेले चालू दिले नाही. ग्राहक कमी म्हणून अ‍ॅप नाहीत, अ‍ॅप नाहीत म्हणून ग्राहक येत नाहीत, हे चक्र पैशाने तुटले नाही.

जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने १८ हजार पदे कमी करण्याचे जाहीर केले. त्यातील सुमारे १२,५०० नोकियातून आलेल्या विभागांतील होती. वर्षभराने ७.६ अब्ज डॉलर बुडीत दाखवले गेले, म्हणजे खरेदीच्या किमतीपेक्षाही जास्त. आणखी ७,८०० पदे गेली. मे २०१६ मध्ये साध्या फोनचा व्यवसाय ३५ कोटी डॉलरला फॉक्सकॉनची उपकंपनी आणि फिनलंडची एचएमडी यांना विकला गेला.

भारतात काय झाले?

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर येथे २००६ पासून नोकियाचा कारखाना होता. भरात असताना तिथे सुमारे आठ हजार कायम कामगार होते, त्यात विशीतल्या मुली मोठ्या संख्येने. २०१३ मध्ये प्राप्तिकर विभागाने सुमारे दोन हजार कोटी रुपयांची मागणी केली. वाद होता फोनमध्ये भरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी फिनलंडला पाठवलेल्या पैशांवरच्या कराचा. त्यात तमिळनाडू सरकारचीही वेगळी करमागणी आली. कारखान्यावर टाच आली. हस्तांतरासाठी ३,५०० कोटी रुपयांची हमी मागितली गेली आणि मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही नोकियाला दिलासा मिळाला नाही. त्यामुळे कारखाना व्यवहारातून वगळला गेला.

काही महिने तो मायक्रोसॉफ्टसाठी कंत्राटावर फोन बनवत राहिला. हजारो कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या वयात तिला स्वेच्छा म्हणायचे का, हा प्रश्नच आहे. मायक्रोसॉफ्टने कंत्राट थांबवले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून उत्पादन बंद पडले. करवाद २०१८ मध्ये दोन्ही देशांच्या सरकारांतील तडजोडीने मिटला.

नोकिया मात्र जिवंत आहे. भारतातील ५जी नेटवर्कमध्ये तिची यंत्रे आहेत. श्रीपेरुंबुदूरचा बंद कारखाना २०१९ मध्ये साल्कॉम्प या कंपनीने घेतला. ती मोबाइलचे चार्जर बनवते आणि तिच्या ग्राहकांत अ‍ॅपल आहे.