परसदारी वाढलेलं घर

मेलबर्नच्या फिट्झरॉय किंवा कार्ल्टन भागातल्या अरुंद रस्त्यावर उभं राहिलं, की घरं बुटकी आणि एकमेकांना चिकटलेली दिसतात. दर्शनी रुंदी जेमतेम पाच मीटर. एक दार, एक खिडकी, पुढे चार हात पडवी, पडवीच्या कडेला बिडाच्या ओतीव नक्षीची झालर आणि वर पन्हळी पत्र्याचं नाहीतर पाटीच्या दगडाचं छप्पर. आता वळसा घालून याच घरांच्या मागच्या गल्लीत जा. तिथे काळ्या जस्ती पत्र्याच्या भिंती आहेत, जमिनीपासून छतापर्यंत काचा आहेत, वरच्या मजल्याला लाकडी पट्ट्यांचं आच्छादन आहे. घर तेच, मालक तोच. पुढचा भाग १८८०च्या दशकातला आणि मागचा परवापरवाचा.

ही मूळची कामगारांची कॉटेजेस. १८५१मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि मेलबर्न फुगत गेलं. १८९१च्या सुमारास वस्ती पाच लाखांच्या घरात पोचली होती. जोड्यांच्या कारखान्यांत, बिअरच्या भट्ट्यांत राबणाऱ्यांसाठी बिल्डरांनी ही घरं ओळीने उठवली. आराखडा जवळजवळ ठरलेला: एका अंगाला लांब बोळ, बोळाला लागून एकामागे एक दोन खोल्या, बोळ संपतो तिथे तिसरी, आणि तिच्या पाठीला उतरत्या पत्र्याची पाखी. चूल, धुणं, भांडी सगळं त्या पाखीत. पाखीच्या मागे अंगण, अंगणाच्या टोकाला संडास, आणि मग गल्ली. पाहुण्याला पहिली खोली मिळे. घरातल्या बाईचा दिवस पाखीत जाई.

शहराला तेव्हा गटारं नव्हती. टोपलीच्या संडासांचा जमाना होता. गल्लीकडच्या भिंतीत खाली एक बुटकी झडप असायची. मैलावाला रात्री गाडी घेऊन यायचा आणि झडपेतून पात्र ओढून न्यायचा. लोकांनी शहराचं नाव 'स्मेलबर्न' पाडलं ते उगाच नाही. गटारयोजनेला पहिली इमारत जोडली गेली १८९७मध्ये. पुढे मैलागाड्या गेल्या, गल्ल्या राहिल्या. मुंबईच्या चाळींमधली घरगल्ली ज्यांनी पाहिली आहे त्यांना या गल्ल्यांचा स्वभाव चटकन कळेल. त्यांच्या फरसबंदीचा दगडही ओळखीचा आहे: मेलबर्नमध्ये ज्याला 'ब्लूस्टोन' म्हणतात तो आपला काळा बसाल्टच.

अशा घरांना वारसा वगैरे म्हणायचं कुणाच्या मनात नव्हतं. उलट १९३८मध्ये सरकारने जे हाउसिंग कमिशन स्थापन केलं, त्याचा उद्देशच या बकाल वस्त्या हटवायचा होता. १९६०च्या दशकात कॉटेजांच्या रांगाच्या रांगा पाडून तिथे काँक्रीटचे टॉवर उभे राहिले. फिट्झरॉयमधले अ‍ॅथर्टन गार्डन्सचे चार टॉवर २० मजल्यांचे आहेत. जी घरं उरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या इटालियन आणि ग्रीक कुटुंबांनी घेतली. त्यांनी परसात टोमॅटो लावले, द्राक्षाचे वेल मांडवावर चढवले, लाकडी खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या बसवल्या आणि मागे अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांची न्हाणीघरं काढली. मागाहून आलेल्या विद्यापीठातल्या मंडळींनी त्या सगळ्याला नाकं मुरडली. मला मात्र वाटतं, ही घरं तगली याचं अर्धं श्रेय त्या स्थलांतरितांना द्यायला हवं. त्यांनी घरात माणसं ठेवली, छप्पर गळू दिलं नाही.

रहिवासी संघटना १९७०च्या सुमारास पाडापाडीविरुद्ध उभ्या राहिल्या. १९७४मध्ये व्हिक्टोरियात ऐतिहासिक इमारतींचा कायदा झाला आणि पुढे एकेका इमारतीऐवजी आख्खे रस्तेच संरक्षणाखाली आले. (ते टॉवर? राज्य सरकारने २०२३मध्ये शहरातले असे सगळे ४४ टॉवर २०५१पर्यंत पाडून नव्याने बांधायचं जाहीर केलं.)

आजचं कॉटेज मागे कसं वाढतं, हे या संरक्षणाच्या नियमांनी ठरवलं आहे. वास्तुविशारदांना हे आवडणार नाही, पण आकार आधी नियमाने काढला, सौंदर्य त्यांनी नंतर भरलं. समोरच्या फुटपाथवर माणूस उभा आहे असं धरायचं. त्याच्या डोळ्यांपासून जुन्या छपराच्या आढ्यावरून जाणारी एक रेघ नकाशावर मारायची. त्या रेघेच्या खाली जे मावेल ते बांधा. रेघेच्या वर डोकावेल त्याला परवानगी मिळवताना घाम फुटतो. त्यामुळे नवा मजला मागे सरकतो, त्याचं छप्पर तिरपं होतं. वरून शेजाऱ्यांचा नियम आहे: ९ मीटरच्या आत शेजाऱ्याचं अंगण किंवा खिडकी येत असेल, तर वरच्या मजल्याच्या काचा जमिनीपासून १.७ मीटरपर्यंत झाकाव्या लागतात. मासिकांतल्या फोटोंमध्ये ज्या लाकडी पट्ट्यांचं कौतुक असतं, त्या बहुतेक वेळा या अटीपायी आलेल्या असतात.

नवं काम जुन्यासारखं का करत नाहीत, हा प्रश्न आपल्याकडच्या कुणालाही पडेल. त्याचं उत्तर दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बर्रा गावात १९७९मध्ये स्वीकारलेल्या सनदेत आहे. जुन्या वास्तूला जोड द्यायची असेल तर ती वास्तूचा मान राखणारी हवी, पण नवी म्हणून ओळखूही यायला हवी; खोटी नक्षी लावून काळाची फसवणूक नको, असा तिचा आशय. म्हणूनच मागचा भाग इतका सरळसोट, बिननक्षीचा असतो.

कागदावर हे ठीक. खरी कसोटी जुनं आणि नवं जिथे भेटतं त्या दोन-तीन इंचांत लागते. मेलबर्नच्या उत्तरेला आणि पश्चिमेला बसाल्टची झीज होऊन बनलेली चिकण माती आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत ज्याने घर बांधलंय त्याला तिचे चाळे सांगायला नकोत: पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. जुन्या कॉटेजचा दगडी पाया उथळ, आतली लाकडी जमीन रेडगम लाकडाच्या बुटक्या खुंटांवर टेकलेली. ते घर सव्वाशेहून जास्त वर्षं मातीबरोबर वरखाली होत आलंय. चुन्याच्या दर्जा असल्यामुळे विटांना ते सोसतं. चुना जरा नमतो. याच्या पाठीला आजच्या पद्धतीने लोखंड घातलेला काँक्रीटचा जाडजूड पाया येतो आणि तो काही हलत नाही. दोघांना घट्ट बांधलं तर पहिल्याच कोरड्या उन्हाळ्यात जुनी भिंत कोपऱ्यातून तिरपी तडकते. म्हणून जाणता गवंडी दोन्हींमध्ये उभी फट सोडतो, ती लवचीक भरावाने बुजवतो आणि वरून पट्टी मारतो. दोन्ही बाजू आपापल्या गतीने हलायला मोकळ्या.

वर पाण्याचा प्रश्न. जुन्या छपराचा मागचा उतार थेट नव्या भिंतीवर येऊन आदळतो, तेव्हा मध्ये पत्र्याची चौकोनी पन्हळ लागते. तिला नियमाप्रमाणे दर २०० मिलिमीटरला किमान १ मिलिमीटर उतार हवा, आणि ती तुंबली तर पाणी घराबाहेर पडेल अशी दुसरी वाटही हवी. इथे कसूर झाली की पाणी सरळ जुन्या छतात, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर लिंपलेल्या चुन्याच्या गिलाव्यात उतरतं. नवी दोन कोटींची काच धडधाकट आणि जुन्या खोलीचं छत जमिनीवर, असे प्रकार होतात.

ओल खालूनही चढते. मधल्या काळात कुणीतरी विटांवर सिमेंटचा गिलावा चढवलेला असतो. त्यामुळे भिंतीतलं पाणी बाहेर न पडता आतल्या खोलीत फुटतं. तो खरवडून पुन्हा चुना भरायचा, हे पहिलं काम. दर्शनी भिंतीला 'टकपॉइंटिंग' करणारे कारागीर आजही मिळतात. विटेच्या रंगाचा चुना दर्जांमध्ये सपाट भरायचा आणि त्यावर पांढऱ्या चुन्याची बारीक, उंचावलेली रेघ ओढायची, म्हणजे ओबडधोबड विटा लांबून नेमक्या कापल्यासारख्या दिसतात. गंमत अशी की खऱ्या जोडाला खोट्याचा मुलामा देणारी ही जुनी युक्ती आता अस्सल वारसा म्हणून जपली जाते.

उजेडाचं गणित आपल्यापेक्षा उलटं आहे. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून परसदार उत्तरेला असलेलं घर नशीबवान. नसेल तर जुन्या-नव्याच्या मध्ये छोटा चौक सोडतात आणि त्यातून मधल्या काळोख्या खोलीला ऊन देतात. मेलबर्नच्याच नॉर्थकोट भागातल्या 'हिल हाउस'साठी वास्तुविशारद अँड्र्यू मेनार्ड यांनी याहून धाडस केलं. नवं बांधकाम जुन्या घराला चिकटवण्याऐवजी त्यांनी ते प्लॉटच्या मागच्या टोकाला नेलं आणि त्याचं तोंड उत्तरेला, जुन्या घराकडे केलं. अंगण मध्ये आलं आणि उन्हात आलं. बहुतेक जण एवढा विचार करत नाहीत. बोळातून आत शिरलं की तीच पांढरी पेटी, तोच लांबलचक दगडी ओटा, त्याच सरकत्या काचा. पण त्या ओट्यापाशी उभं राहिल्यावर एक गोष्ट कळते: जिथे पूर्वी धुराने काळी झालेली पाखी होती तिथे आता सगळं कुटुंब बसतं, आणि पाहुण्यांच्या पहिल्या खोलीत लॅपटॉप नाहीतर बिछाना आहे. घराने तोंड फिरवलंय.

ज्यांच्यासाठी ही घरं बांधली गेली त्या कामगारांना मात्र आज यांतलं एकही झेपणार नाही. फिट्झरॉयमध्ये दोन खोल्यांचं कॉटेज सहज दहा लाख डॉलरच्या पुढे जातं. काही मालक तर दर्शनी भिंत आणि पहिल्या दोन खोल्या ठेवून बाकी सगळं साफ करतात. मला त्याचा तितकासा राग येत नाही. ज्या पाखीत कुणाला धड उभंही राहता येत नव्हतं, ती वाचवण्यात काय अर्थ? बोळ आणि खोल्या पोखरून नुसता मुखवटा उभा ठेवतात, तेव्हा मात्र ते घर राहत नाही.

सध्याचा वाद छपरावरच्या सौर पॅनेलचा आहे. बऱ्याच संरक्षित भागांत ती रस्त्यावरून दिसणार असतील तर परवानगी लागते. नियमात सवलत आहे ती गल्लीला: मागच्या गल्लीतून दिसली तर हरकत नाही. त्यामुळे ज्यांचं परसदार उत्तरेला त्यांचं काम बिनबोभाट होतं. ज्यांचं दर्शनी छप्पर उत्तरेला, त्यांचं ऊन नेमकं झालरीच्या वर पडतं आणि त्यांना अर्ज घेऊन पालिकेत जावं लागतं.