आकडा वाढला आणि देवीचा रोग गेला!

१९७४ साली भारतात देवीचे १,८८,००३ रुग्ण नोंदले गेले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला. इतक्या थोड्या अवधीत हे घडलं कसं? लस तर आधीपासूनच होती. बदलली होती ती रुग्ण मोजण्याची पद्धत.

घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल, तर त्यांच्या दंडावर किंवा हातावर एकदा नजर टाका. नाण्याएवढा, चुण्या पडलेला गोल वण दिसेल. विचारलंत तर ‘लहानपणी देवी काढल्या होत्या’, असं ते सांगतील. नातवंडांच्या दंडावर दिसतो तो बीसीजीच्या लसीचा बारीक ठिपका. देवीची लस त्यांना कुणी टोचलीच नाही, कारण त्याची गरजच उरली नव्हती.

आजच्या तरुण आईबापांना या रोगाची कल्पना येणार नाही. आधी सणकून ताप, मग तोंडावर आणि हातापायांवर पुरळ, पुरळाचे पू भरलेले फोड. लस न टोचलेल्यांपैकी दर दहांतले सुमारे तीन जण दगावत. जगले त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभराचे खड्डे राहत, काहींची दृष्टी जाई. रोग झाल्यावर उपाय नव्हता. १९७४ या एकाच वर्षात आपल्या देशात ३१,२६२ माणसं देवीने मेली, आणि हे झाले फक्त सरकारदरबारी नोंदले गेलेले मृत्यू.

पन्नास कोटी टोचण्या, तरीही...

देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला १९६२ साली. धोरण सोपं होतं : सगळ्यांना टोचा, रोग आपोआप जाईल. पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे ५० कोटी टोचण्यांची कागदोपत्री नोंद झाली. तेव्हाची देशाची लोकसंख्याही जवळपास तेवढीच! मग रोग संपायला हवा होता. तो संपला नाही.

कारण टोचणाऱ्याला दिवसाचा कोटा पुरा करायचा असे. कोटा कुठे पुरा होतो? शाळेत! मुलं रांगेत उभी, बाह्या वर केलेल्या. तीच मुलं दरवर्षी पुन्हा पुन्हा टोचली जात. तान्ही बाळं, शेतावर गेलेले मजूर, गावकुसाबाहेरची वस्ती, फुटपाथवरचे भिकारी हे सगळे राहून जात. रोग नेमका तिथेच जगत होता. किती टोचण्या झाल्या, हा आकडा सरकारकडे होता. रोग आज कोणत्या गावात आहे, हे मात्र त्यातून कळत नव्हतं.

शून्य रुग्णांचं गाव

रुग्णांचा आकडाही भरवशाचा नव्हता. ज्या तालुक्यात देवीचे रुग्ण निघतील, तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याला वरून विचारणा होई : तुम्ही टोचण्या केल्या होत्या ना? मग रोग आला कसा? त्यामुळे अनेकांना रुग्ण न कळवणंच सोयीचं वाटे. तक्त्यात शून्य लिहिलं की कुणी प्रश्न विचारत नाही.

लोकही सांगत नसत. देवी हा रोग नसून शितळादेवीचा फेरा आहे, अशी श्रद्धा होती. आपल्या भाषेत रोगाचं नावच ‘देवी’. उत्तर भारतात ‘माता आली’ म्हणत. घरात माता आली की दाराला कडुनिंबाचे डहाळे लावायचे, मोठ्याने बोलायचं नाही, औषध द्यायचं नाही. अशा घरातून कोण सरकारी दवाखान्यात वर्दी द्यायला जाणार?

हा प्रकार केवळ भारतातलाच नव्हता. १९६७ साली साऱ्या जगातून देवीचे सुमारे १ लाख ३१ हजार रुग्ण नोंदले गेले. जाणकारांचा नंतरचा अंदाज होता १ ते दीड कोटी! म्हणजे शंभरातला जेमतेम एक रुग्ण कागदावर येत होता.

रोगाचा दुबळा दुवा

देवीचा रोग भयंकर खरा, पण त्याचे काही दुबळे दुवे होते. तो फक्त माणसाला होत असे, उंदीर-डासांमार्फत पसरत नसे. पुरळ चेहऱ्यावर उठत असल्याने रोग झाकता येत नसे. लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण बारा दिवस जात आणि त्या काळात तो माणूस दुसऱ्याला रोग देत नसे. शिवाय संसर्ग झाल्यावर तीन-चार दिवसांत लस टोचली, तरी बहुतेक वेळा माणूस वाचत असे.

याचा अर्थ काय? रुग्ण लवकर सापडला आणि त्याच्या आजूबाजूच्या सर्वांना ताबडतोब टोचलं, तर साखळी तिथेच तुटते. साऱ्या देशाला टोचण्याची गरज नाही. विल्यम फेगी या अमेरिकन डॉक्टरांनी १९६६ च्या अखेरीस नायजेरियात लस अपुरी पडली म्हणून हा मार्ग धरला आणि तो लागू पडला. मग जागतिक आरोग्य संघटनेने तो उचलला. १९७३ साली तो भारतात मोठ्या प्रमाणावर वापरायचं ठरलं. तेव्हा देशातले बहुतेक रुग्ण उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि मध्य प्रदेश या चार राज्यांत होते. डॉ. एम. आय. डी. शर्मा यांच्यासारखे भारतीय अधिकारी आणि डॉ. निकोल ग्रासे, डॉ. फेगी यांच्यासारखे परदेशी तज्ज्ञ खांद्याला खांदा लावून कामाला लागले.

एका आठवड्यात दहा हजार!

ऑक्टोबर १९७३. पहिली शोधमोहीम. आरोग्य खात्याच्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी, मग ते मलेरियाचे असोत की कुटुंब नियोजनाचे, महिन्यातला एक आठवडा आपलं काम बाजूला ठेवून गावोगाव फिरायचं. हातात एक कार्ड. त्यावर देवीचे फोड आलेल्या मुलाचं रंगीत चित्र. ‘असं कुणी पाहिलंत का?’ एवढाच प्रश्न. तो बाजारात विचारायचा, चहाच्या टपरीवर विचारायचा आणि शाळेत तर हमखास विचारायचा. कुणाच्या घरी काय चाललंय ते पोरांना बरोबर ठाऊक असतं!

अधिकाऱ्यांना वाटलं होतं, काही शे रुग्ण निघतील. उत्तर प्रदेश आणि बिहार मिळून निघाले सुमारे दहा हजार!

हाहाकार उडाला. वर्तमानपत्रं म्हणू लागली, मोहीम सुरू झाली आणि रोग वाढला. वास्तविक रोग होता तेवढाच होता. आतापर्यंत तो अंधारात होता, आता कोणीतरी दिवा लावला होता.

पेटलेलं घर

१९७४ चा उन्हाळा कसोटीचा होता. बिहारात जयप्रकाशजींचं आंदोलन, देशभर रेल्वेचा संप, वर रणरणतं ऊन. जमशेदपूरसारख्या उद्योगनगरीत रोग पसरला आणि तिथून गावी परतणाऱ्या मजुरांबरोबर दूरदूर गेला. कुठल्या गावी पहिला रुग्ण कोण, तो कुठून आला, असं एकेक घर मागे मागे विचारत गेल्यावर अनेक धागे टाटानगरच्या स्टेशनाशी पोहोचले. मग टाटा उद्योगसमूहही माणसं, गाड्या आणि पैसा घेऊन मदतीला उतरला. मे महिन्यात पोखरणला अणुचाचणी झाली, तेव्हा परदेशी वृत्तपत्रांनी टोमणा मारला : अणुस्फोट करणाऱ्या देशाला देवी आवरत नाहीत!

आकडे चढतच होते. डॉ. फेगींनी आपल्या आठवणींत एका बैठकीचा प्रसंग सांगितला आहे. बिहारच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की, ही शोधाशोध पुरे, पुन्हा सर्वांना सरसकट टोचायला लागू. तेवढ्यात मागून एक भारतीय डॉक्टर उठला. तो म्हणाला, माझ्या गावात एखाद्या घराला आग लागली तर आम्ही पाणी त्याच घरावर ओततो, गावातल्या सगळ्या घरांवर नाही. मंत्र्यांनी विचार केला आणि आणखी एक महिना दिला. त्या महिन्यात नव्या रुग्णांचा ओघ ओसरू लागला.

मोजायचं काय?

या मोहिमेचं खरं शहाणपण तिच्या तक्त्यांत होतं. किती टोचण्या झाल्या, हा रकाना मागे पडला. त्याऐवजी विचारलं जाऊ लागलं : आज किती गावांत रोग चालू आहे? पहिल्या रुग्णाला पुरळ उठल्यापासून आपल्याला कळेपर्यंत किती दिवस गेले? त्याला लागण कुणापासून झाली? शेवटच्या रुग्णानंतर काही आठवडे नवा रुग्ण निघाला नाही, तरच गावाचं नाव यादीतून काढलं जाई. रुग्णाच्या घरावर रात्रंदिवस पहारेकरी बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला टोचलं जाई. काही ठिकाणी यात जबरदस्तीही झाली आणि तिचे कडवट अनुभव नंतर तज्ज्ञांनीच लिहून ठेवले आहेत.

तपासनीसांवरही तपासनीस होते. एक पथक गाव फिरून गेलं की दुसरीच माणसं त्यातल्या काही गावांत पुन्हा जात : ‘कुणी आलं होतं का? कार्ड दाखवलं का?’ खोटा तक्ता लगेच उघडा पडे. मुलांच्या चेहऱ्यावरचे वणही पाहिले जात. अमुक वयाखालच्या एकाही मुलाच्या तोंडावर वण नसेल, तर तेवढी वर्षं तिथे देवी आल्या नाहीत, असा अर्थ. दप्तर खोटं बोलेल, चेहरा कसा बोलेल?

सगळ्यात मोठा बदल बक्षिसाने घडवला. रुग्णाची खबर देणाऱ्याला आधी ५० रुपये, मग १०० आणि शेवटी १००० रुपये! काल ज्या बातमीसाठी बोलणी बसत, तिच्यासाठी आज रोख रक्कम मिळू लागली. रोग जसजसा कमी झाला तसतसं बक्षीस वाढत गेलं. किती लोकांना बक्षीस ठाऊक आहे, याचीसुद्धा पाहणी होई. मोहीम भरात असताना लाखाहून अधिक कर्मचारी एकेका फेरीत सुमारे दहा कोटी घरं पालथी घालत होते.

खरा शून्य

१७ मे १९७५. बिहारच्या कटिहार जिल्ह्यातलं पचेरा गाव. देशातल्या देशात लागण झालेला हा शेवटचा रुग्ण. त्याच महिन्यात आसामच्या करीमगंज रेल्वे स्थानकावर बांगलादेशातून आलेली एक भिकारीण आजारी सापडली. तिच्यानंतर भारतात देवीचा एकही रुग्ण झाला नाही. १५ ऑगस्ट १९७५ रोजी भारताने रोग हटल्याचं जाहीर केलं.

पण शोध थांबला नाही! ताप आणि पुरळ असलेल्या प्रत्येक संशयिताची चौकशी चालूच राहिली. निघत होत्या त्या कांजिण्या, नाहीतर गोवर. दोन वर्षं असं शोधूनही काही हाती लागलं नाही, तेव्हा एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारताला दाखला दिला. तालुक्याच्या तक्त्यातला जुना शून्य न शोधताच लिहिलेला होता. हा शून्य शोधून शोधून मिळवलेला होता. ८ मे १९८० रोजी साऱ्या जगातून देवी गेल्याची घोषणा झाली.

पोलिओच्या वेळी हाच धडा गिरवला गेला. कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर पोलिओ असो वा नसो, कळवायचंच. दरवर्षी अशी हजारो मुलं तपासली गेली. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आजारी पडलेल्या मुलीनंतर त्यांपैकी एकातही रानटी पोलिओ विषाणू निघाला नाही, म्हणून २०१४ साली भारताला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला.

आपल्या घरापर्यंत

आणि करोना? २०२० च्या टाळेबंदीत रोज संध्याकाळी आपण सगळे टीव्हीसमोर बसून आकडे ऐकत होतो. ज्या जिल्ह्यात चाचण्या जास्त, तिथे रुग्ण जास्त दिसत. जिथे चाचण्याच नाहीत तिथे सारं शांत! २०२० आणि २०२१ मिळून भारतात करोनाचे सुमारे ४ लाख ८१ हजार मृत्यू अधिकृतपणे नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये याच काळातल्या जादा मृत्यूंचा अंदाज दिला तो सुमारे ४७ लाख. भारत सरकारने ही पद्धत आणि हा आकडा दोन्ही अमान्य केले. वाद कसाही मिटो, मृत्यूची नोंद वेळेवर आणि कारणासह झाली असती, तर अंदाज बांधायची वेळच आली नसती.

आज देशात साथरोगांवर पाळत ठेवणारी यंत्रणा आहे. २००४ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात उपकेंद्रापासून प्रयोगशाळेपर्यंत सगळीकडून ताप, जुलाब, कावीळ, डेंग्यू यांची माहिती गोळा होते. पण तिची सुरुवात होते ती आपल्या उंबरठ्यावर. आशाताई दारात आल्या आणि ‘घरात कुणाला ताप आहे का?’ म्हणून विचारू लागल्या, तर ‘नाही, नाही’ म्हणून दार लोटू नका. सोसायटीत कावीळ झाली, तर लोक काय म्हणतील म्हणून झाकू नका. एका घराने सांगितलं तर पाण्याची फुटकी नळी सापडते, शेजारची दहा घरं वाचतात.

आणि उद्या पेपरात ‘रुग्णसंख्या वाढली’ असा मथळा वाचलात, तर घाबरण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : रोग वाढला की शोध वाढला? ऑक्टोबर १९७३ च्या त्या आठवड्यात शोध वाढला होता. म्हणूनच नातवंडांच्या दंडावर आज देवीचा वण नाही.