रक्तवाहिनीच्या भिंतीतील रोग

एखाद्याचे अर्धे अंग एकाएकी लुळे पडले, की आपल्या लोहा भागात ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. ‘अर्धांगवायू’ या ग्रांथिक शब्दातही वायू आहेच. रोगाचे कारण वारे मानले, की उपाय मालिश आणि अंगाऱ्याचा होतो. म्हणून खरे कारण कोठे असते व ते आज कसे पाहता येते, हे समजावून घेणे अगत्याचे आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. पण घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच असल्याने दवाखान्याचे कागद वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे येते. त्यातूनच ही जिज्ञासा निर्माण झाली.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण त्याला प्राणवायू लागतो सुमारे २० टक्के. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लक्ष चेतापेशी मरतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. काही रुग्णांत वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. परंतु येथे विचार करावयाचा आहे तो बंद पडणाऱ्या वाहिनीचा.

वाहिनीत चरबीचा थर साचतो, असे आपण ऐकतो. वास्तविक तो थर भिंतीच्या आत वाढतो. मातीच्या भिंतीत ओल शिरून पोपडा धरावा, तसा हा प्रकार आहे. पोपडा फुटला, की त्यावर रक्ताची गुठळी जमते. जुन्या तपासण्यांत रक्ताची वाट किती अरुंद झाली, एवढेच दिसे. पण थर पुष्कळदा बाहेरच्या बाजूस फुगतो; वाट मोकळी दिसते आणि भिंत मात्र पोखरलेली असते.

ही भिंत एम.आर.आय. यंत्राने पाहता येते. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक व रेडिओ लहरी असतात. ३ टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे साठ हजार पट असते. मेंदूतील वाहिनीची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असल्यामुळे एवढ्या शक्तीची गरज भासते. प्रथम वाहत्या रक्ताचा संकेत दाबून ते काळे दाखवितात, म्हणजे भिंत उठून दिसते. नंतर हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देऊन पुन्हा चित्र घेतात. दाह झालेल्या थरात हे औषध झिरपते व तो भाग उजळतो. नुकताच झटका आलेल्या रुग्णात अनेक थरांपैकी दोषी कोणता, हे ओळखण्यास ही उजळी उपयोगी पडते.

अर्थात उजळी हे भविष्यकथन नव्हे. तो धोक्याचा एक पुरावा आहे. रुग्णाचा रक्तदाब, मधुमेह व पूर्वीचे झटके यांसह त्याचा विचार करावा लागतो. मूत्रपिंड अधू असणाऱ्यांना हे औषध जपून द्यावे लागते.

दोष सापडला, की वाहिनीत जाळी बसवावी, असे कोणालाही वाटेल. परंतु २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जाळी बसविलेल्यांपैकी १४.७ टक्क्यांना पहिल्या तीस दिवसांत झटका वा मृत्यू आला. केवळ कसून औषधोपचार केलेल्यांत हे प्रमाण ५.८ टक्के होते. भिंतीतील दाह शमविण्याचे काम मुख्यतः रोजच्या गोळीचे व तंबाखू सोडण्याचे आहे.

हा शहरी श्रीमंतांचा रोग आहे, हा समजही खोटा आहे. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे व सहकाऱ्यांनी ८६ खेड्यांतील दोन वर्षांचे मृत्यू तपासले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १५९९ पैकी २२९ मृत्यू, म्हणजे सातात एक, मेंदूच्या झटक्याने झालेला आढळला. त्यांतील दहापैकी जवळजवळ नऊ जण घरीच वारले.

भिंतीचे चित्र काढणारे यंत्र खेड्यात येणार नाही. रक्तदाब मोजण्याचा पट्टा मात्र आरोग्य केंद्रात असतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद करणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण भिंतीतला रोग समजावून सांगू शकतो. आणि कोणाचे तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, तर वेळ पाहून त्यांना तडक मोठ्या रुग्णालयात नेऊ शकतो. गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्या तासांचा हिशेब घरातील शिकलेल्या माणसाने ठेवावयाचा आहे.