मुलं झोपलेली असताना बॅटरी चार्जिंगला नको

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात ई-स्कूटरची बॅटरी रात्री चार्जिंगला होती. पहाटे ती फुटली. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला.

आपल्या जळगाव-धुळ्यातही सुतार, फॅब्रिकेशनवाले भाऊ ड्रिल-ग्राइंडरच्या बॅटऱ्या रात्री घरीच लावतात. या लिथियम बॅटऱ्या साधारण ४० अंशांच्या वर चार्ज करू नयेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. कामावरून आणलेली तापलेली बॅटरी आधी सावलीत थंड होऊ द्या. फजरनंतर, डोळ्यांसमोर, मोकळ्या फरशीवर, तिच्याच चार्जरने लावा. गादी-पडद्याजवळ किंवा दाराच्या वाटेत नको. फुगलेली, भिजलेली, आपटून फुटलेली बॅटरी पुन्हा लावू नका, कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

सकाळी कामाला तासभर उशीर झाला तरी चालेल.